१८ लाखांचं पॅकेज, तीन हप्ते आणि एक कार्ड: हा पगार चांगला म्हणायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३३, नोकरी हिंजवडीत, पॅकेज १८ लाख. वाकडला स्वतःचा फ्लॅट आहे, पत्नी सध्या नोकरी करत नाही, मुलगा ४ वर्षांचा. सोलापूरला आईवडिलांना महिना १०,००० पाठवता. गृहकर्ज, गाडीचं कर्ज आणि बहिणीच्या लग्नासाठी काढलेलं पर्सनल लोन चालू आहे. क्रेडिट कार्डावर दीड लाख थकलेत आणि त्यावर 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरताय. २ लाखांची एफडी आहे. आता बंगळूरहून २२ लाखांची ऑफर आली आहे आणि तुम्ही विचारताय, "१८ लाख चांगला पगार आहे ना? मग उरत का नाही? आणि २२ घेतले तर सुटेन का?"

पगार चांगला आहे का, याचं एका आकड्यात उत्तर देता येत नाही. हाच पगार नाशिकमध्ये आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या, डोक्यावर कर्ज नसलेल्या माणसाला भरपूर होईल. तुमच्या बाबतीत खरा प्रश्न असा आहे की हातात येणाऱ्या पैशातला किती भाग आधीच कुणाला तरी देऊन झालेला आहे. म्हणून आधी हातात नेमकं काय येतं ते काढू.

१८ लाख भागिले १२ म्हणजे दीड लाख, हा हिशेब सगळे मनात करतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. तुमच्या सॅलरी स्ट्रक्चरमध्ये बेसिक ४० टक्के, म्हणजे वर्षाला ७,२०,००० आहे. कंपनीचा पीएफचा वाटा बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे ८६,४००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के दराने ३४,६३२. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, १० टक्के, १,८०,०००. ग्रुप विम्याचे साधारण १५,०००. हे सगळं पॅकेजमध्ये मोजलेलं असतं, पण दर महिन्याच्या पगारात येत नाही. ते वजा केलं की निश्चित पगार उरतो १४,८३,९६८, म्हणजे महिना १,२३,६६४.

यातून तुमचा स्वतःचा पीएफ ७,२०० जातो. महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० जातो (फेब्रुवारीत ३००). आयकर नव्या पद्धतीने, २०२५-२६ पासूनच्या दरांनी धरला तर ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांची सरसकट वजावट) जाऊन करपात्र रक्कम १४,०८,९६८ होते. त्यावर सेससह कर सुमारे ९५,०००, म्हणजे महिना ७,९१७. खात्यात जमा होतात साधारण १,०८,३५०. व्हेरिएबल पूर्ण मिळालं, तर कर जाऊन वर्षातून एकदा आणखी १ लाख ५२ हजार. ते मासिक हिशेबात धरू नका. कंपनीचं वर्ष वाईट गेलं की सर्वांत आधी कात्री व्हेरिएबललाच लागते.

कुणी तुम्हाला "गृहकर्ज आहे, जुनी कर पद्धत घ्या" म्हणेल, म्हणून तोही हिशेब देतो. जुन्या पद्धतीत ५०,००० स्टँडर्ड डिडक्शन, व्यवसाय कर, गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख, ८०सीचे (पीएफ, विमा, गृहकर्जाचं मुद्दल वगैरे) दीड लाख आणि आरोग्य विम्याचे स्वतःचे व ज्येष्ठ आईवडिलांचे मिळून कमाल ७५,००० एवढं सगळं धरलं, तरी कर १ लाख १९ हजारांच्या आसपास येतो. स्वतःच्या घरात राहता, त्यामुळे एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सूट नाही. पुण्यात असेपर्यंत तुम्हाला नवी पद्धतच स्वस्त आहे. मार्चमध्ये कर वाचवायला म्हणून एंडोमेंट (बचत आणि विमा एकत्र असलेली) पॉलिसी घेण्याचं कारण त्यामुळे उरत नाही.

आता हप्ते. गृहकर्ज ४५ लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के: ३९,०५२. गाडी ८ लाख, ७ वर्षं, साडेनऊ टक्के: १३,०७५. पर्सनल लोन ६ लाख, ४ वर्षं, १४ टक्के: १६,३९६. कार्डाचं मिनिमम ५ टक्क्यांनी ७,५००. बेरीज ७६,०२३. हातात येणाऱ्या पगाराचे ७० टक्के! आईवडिलांचे १०,००० गेले की उरतात साधारण २२,३००. तुम्ही दिलेला घरखर्च मी जोडला: सोसायटीचा मेंटेनन्स ३,५००, वीज-गॅस-इंटरनेट-मोबाईल ४,५००, किराणा-दूध-भाजी १४,०००, शाळा आणि व्हॅन ७,५००, पेट्रोल ४,०००, कामवाल्या मावशी २,५००, हॉटेल आणि ऑनलाइन खरेदी ६,०००. एकूण ४२,०००. यात उधळपट्टी म्हणावी असं काही नाही, हे मुद्दाम सांगतो. तुमच्या घरात यावरून वाद होत असतील तर ते थांबवा, कारण भाजी आणि हॉटेल यांतून काटून ही तूट भरणार नाही. तूट महिन्याला जवळपास २०,००० ची आहे.

शिवाय वर्षातून एकदा येणारे खर्च तुम्ही यादीत लिहिलेलेच नाहीत. गाडीचा विमा, सर्व्हिसिंग, दिवाळी, सोलापूरच्या फेऱ्या, शाळेचे गणवेश-पुस्तकं. मी ते ७०,००० धरतो. कार्डाचा हप्ता बाजूला ठेवला आणि व्हेरिएबल पूर्ण मिळालं असं धरलं, तरी वर्षाला ६०-६५ हजार कमी पडतात. पर्सनल लोन सुरू होऊन २० महिने झाले. या काळातली तूट अधिक कार्डाचं व्याज एवढे मिळून दीड लाख होतात. पैसे कुठे गेले याचा शोध घेत बसू नका, ते इथेच गेलेत.

कार्डाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण सगळ्यात महाग उधारी तीच आहे आणि नेमकी तीच तुम्हाला सर्वांत छोटी वाटते. तुमच्या कार्डाचा दर महिना ३.५ टक्के. दीड लाखावर व्याज ५,२५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ९४५. म्हणजे ६,१९५. तुम्ही ७,५०० भरता तेव्हा मुद्दल फक्त १,३०५ ने कमी होतं. त्याच महिन्यात पुन्हा किराणा कार्डावर घेतला की तेवढंही कमी होत नाही. दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: मागची थकबाकी पूर्ण फेडलेली नसेल, तर नव्या खरेदीला ती ४०-५० दिवसांची बिनव्याजी मुदत मिळत नाही. डी-मार्टचं बिल कार्डावर भरलं की त्या दिवसापासूनच व्याज चालू.

आणि याच वेळी तुमचे २ लाख एफडीत पावणेसात टक्क्यांनी पडून आहेत. दीड लाखाच्या एफडीवर वर्षाला सुमारे १०,००० मिळतात, तेही करपात्र. दीड लाखाच्या कार्डावर वर्षाला ७४,००० जातात. "एफडी अडीअडचणीसाठी आहे" हे तुमचं म्हणणं मला समजतं. पण अडचण आत्ताच चालू आहे. दीड लाख मोडा, ५०,००० ठेवा. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कमी देईल, त्याचा विचारही करू नका.

फेडताना तीन गोष्टी सांभाळा. ॲपवर दिसणारी स्टेटमेंटची रक्कम भरू नका, कस्टमर केअरला फोन करून आजच्या तारखेची एकूण बाकी विचारा आणि ती भरा. पुढच्या बिलात काहीशे ते दोनेक हजार रुपये तरीही येतील, कारण स्टेटमेंटच्या तारखेपासून भरणा केला त्या दिवसापर्यंतचं व्याज नंतर लागतं. अनेक जण "मी तर सगळं भरलं" म्हणून ते बिल सोडून देतात आणि लेट फी लागून पुन्हा चक्र सुरू होतं. तिसरं म्हणजे ऑटो-पे 'मिनिमम ड्यू'वरून 'टोटल ड्यू'वर आणा. कार्ड बंद करायची गरज नाही, पण फोनमधल्या खरेदीच्या ॲपांतून त्याचा नंबर काढून टाका.

पर्सनल लोन ही दुसरी पायरी. २० हप्ते गेलेत, २८ राहिलेत, बाकी मुद्दल साधारण ३ लाख ९० हजार. तुम्हाला बँकेच्या माणसाने गृहकर्जावर टॉप-अप (त्याच घरावर वाढीव कर्ज) घेऊन हे मिटवायला सुचवलं आहे. सल्ला चुकीचा नाही, पण मुदतीवर सगळं अवलंबून आहे. ९ टक्क्यांनी ५ वर्षांचा टॉप-अप घेतला तर हप्ता ८,०९६ होतो, महिन्याला ८,३०० सुटतात. एकूण व्याज मात्र कमी होत नाही: आहे तसं चालू ठेवलं तर उरलेलं व्याज सुमारे ६९,०००, टॉप-अपमध्ये सुमारे ९६,०००. म्हणजे २६-२७ हजार जास्त देऊन तुम्ही महिन्याची मोकळीक विकत घेता. तुमच्या परिस्थितीत मी ती घ्या असंच म्हणेन, कारण दर महिन्याची तूट पुन्हा कार्डावर गेली तर त्याहून कितीतरी महाग पडेल. बँक मात्र १५ वर्षांची मुदत पुढे करेल, "हप्ता फक्त ३,९५६" म्हणून. त्यात व्याजच ३ लाख २२ हजार जाईल. त्याला सरळ नाही म्हणा.

इथे एक अट बघून घ्या. पर्सनल लोन निश्चित दराचं असेल तर मुदतीआधी बंद करण्याचा आकार करारात असेल. तो ४ टक्के असेल तर १५,६०० आणि त्यावर जीएसटी, म्हणजे १८,४०० च्या घरात. टॉप-अपची प्रोसेसिंग फी वेगळी. हे दोन्ही मिळून २५,००० च्या पुढे जात असेल, तर टॉप-अप सोडा आणि व्हेरिएबल आल्यावर त्यातून काही रक्कम मुद्दलात भरता येते का ते विचारा.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी कार्ड, मग टॉप-अपचा अर्ज. कार्डाच्या २ लाखांच्या मर्यादेतले दीड लाख वापरलेले दिसले की क्रेडिट स्कोअर खाली राहतो. कार्ड शून्यावर आलं की बँका किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवतात, म्हणून एक-दीड महिन्यात रिपोर्ट सुधारतो. तोवर थांबा. अर्जात हेतू 'चालू पर्सनल लोन बंद करणे' असा स्पष्ट लिहा, नाहीतर बँक दोन्ही हप्ते एकत्र मोजते आणि पात्रता बसत नाही.

गृहकर्जाच्या बाबतीत एक छोटं काम. तुमचं कर्ज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी जोडलेलं आहे आणि २०२५ मध्ये रेपो दर खाली आला, तरी तुम्ही साडेआठच लिहिलंय. खरंच साडेआठ आहे का ते ताज्या स्टेटमेंटवर बघा. दर कमी झाल्यावर बँक बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते आणि ग्राहकाला वाटतं काहीच बदललं नाही. दर खरंच तोच असेल तर स्प्रेड (रेपोवर बँक लावते तो जादा टक्का) कमी करून देण्यासाठी शाखेत लेखी अर्ज द्या. काही हजारांत काम होतं. उरलेल्या ४३ लाख १३ हजारांवर, १८ वर्षांसाठी दर पावणेआठ झाला तर हप्ता ३७,०८७ होतो. महिन्याला जवळपास २,००० वाचतात.

इथवरचा हिशेब एकदा मांडतो. कार्ड गेलं, टॉप-अप झाला, गृहकर्जाचा दर उतरला, हॉटेल-ऑनलाइनचे ६,००० चे ४,००० केले, तर महिना बरोबर शून्यावर येतो. तूट नाही, शिल्लकही नाही. व्हेरिएबलमधून वर्षाचे ७०,००० चे खर्च भागतात आणि ८० हजारांच्या आसपास उरतात. हप्त्यांचा वाटा ७० वरून ५४ टक्क्यांवर येतो. मी ४० टक्क्यांच्या पुढे हप्ते गेले की कुणालाही सावध करतो, कारण त्यापुढे एक आजारपण किंवा दोन महिन्यांची बेकारी आली की पुन्हा कर्जच काढावं लागतं.

४० च्या जवळ न्यायचं असेल तर गाडीकडे बघावं लागेल, आणि मला माहीत आहे की हा भाग तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही ऑफिसला बाइकने जाता, गाडी शनिवार-रविवार आणि सोलापूरसाठी निघते. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग आणि तिचं पेट्रोल मिळून ती महिन्याला १७-१८ हजार घेते. २४ हप्ते झाल्यावर बाकी साधारण ६ लाख २२ हजार आहे. बाजारात ७ लाख येत असतील तर विकावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथलेच महिना ५,००० कॅबला आणि रेल्वेच्या तिकिटांना ठेवले तरी पुरतात. हप्त्यांचा वाटा ४२ टक्क्यांखाली येतो. विकताना आधी बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज आज बंद करायला किती लागतील याचं पत्र) घ्या. कर्ज फिटल्यावर एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत हायपोथिकेशन (गाडीवरची बँकेच्या कर्जाची नोंद) उतरवा, मग फॉर्म २९ आणि ३० वर नाव बदला. डीलरकडे दिलीत तर नाव बदलल्याचा पुरावा हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका, नाहीतर दुसऱ्याच्या चलनाचे मेसेज तुम्हाला येत राहतील. आईवडिलांच्या दवाखान्यासाठी गाडी खरोखर लागत असेल तर गोष्ट वेगळी, तेवढं तुम्हीच ठरवू शकता.

आता बंगळूर. तुम्ही पाठवलेल्या ऑफरमध्ये २२ लाखांत १ लाखाचा जॉइनिंग बोनस धरलेला आहे आणि व्हेरिएबल १५ टक्के आहे. त्याच पद्धतीने वजाबाकी केली तर दरमहा हातात येतात १,१५,४००. पॅकेज ४ लाखांनी वाढलं, महिन्याला वाढले ७,००० रुपये. तिकडे दोन बेडरूमच्या घराला तुम्ही ३८,००० भाडं धरलंय आणि वाकडचा फ्लॅट २६,००० ला जाईल म्हणता. म्हणजे १२,००० चा फरक. वाढलेले ७,००० त्यातच जातात, वर ५,००० खिशातून घालावे लागतात.

तिथे कराचं चित्र मात्र बदलतं. भाड्याने राहिल्यामुळे जुन्या पद्धतीत एचआरएची सूट मिळेल आणि भाड्याने दिलेल्या फ्लॅटवरचा तोटाही पगारातून वजा होईल. ८०सी आणि आरोग्य विमा पूर्ण भरलेला असेल तर वर्षाला ३०,००० च्या आसपास कर नव्या पद्धतीपेक्षा कमी बसू शकतो. नव्या पद्धतीत एचआरए नाही. फ्लॅटचं व्याज तिथे मिळणाऱ्या भाड्यापुरतंच वजा होतं, उरलेला तोटा पगारातून वजा करता येत नाही. ही बचत धरूनही महिना मायनसमध्येच राहतो. फायदा आहे तो व्हेरिएबलचा: पूर्ण मिळालं तर हातात सुमारे २ लाख ६५ हजार. पण ते 'तर'वर आहे. आणि जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडलं तर परत करावा लागतो, ते कलम तुमच्या पत्रात आहेच.

आणखी एक रक्कम तुम्ही मोजलेली नाही. सध्याच्या कंपनीत ४ वर्षं ४ महिने झालेत. ५ वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी मिळते: महिन्याचं बेसिक ६०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे किमान १ लाख ७३ हजार. आज राजीनामा दिलात तर ती सोडून जाता. ४ वर्षं २४० दिवस पुरेसे आहेत असं मानणारे काही निकाल आहेत, पण त्याच्या भरवशावर तारीख ठरवू नका. एचआरकडून लेखी घ्या.

म्हणून आहे त्या स्वरूपात ही ऑफर मी घेणार नाही. नकार देण्याआधी मात्र बोलणी करा. जॉइनिंग बोनस पॅकेजच्या बाहेर, व्हेरिएबल १० टक्क्यांवर आणि महिन्याला हातात किमान १,३०,००० येतील असा निश्चित पगार मागा. तेवढं मिळालं तर बंगळूर परवडतं. नोटीस पिरियड धरून जॉइनिंगची तारीख तुमची ५ वर्षं भरतील तिथपर्यंत नेता येते का तेही विचारा. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,८०० ठेवण्याचा पर्याय काही कंपन्या रुजू होताना देतात. त्याने हातातला आकडा फुगतो. पण तो तुमच्या निवृत्तीचा पैसा आहे आणि तुमच्याकडे दुसरी बचत नाही, म्हणून तो पर्याय घेऊ नका.

विम्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. घरात कमावणारे तुम्ही एकटे, अंगावर ५० लाखांच्या पुढे कर्ज. किमान दीड कोटीचा साधा टर्म प्लॅन (फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा विमा) आणि कंपनीच्या पॉलिसीशिवाय स्वतःची आरोग्य पॉलिसी, या दोन गोष्टी एसआयपीच्या आधी करा. नोकरी सुटली की ग्रुप विमा त्या दिवशी संपतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा तरी खर्च हलका झालाय.

पर्सनल लोनच्या करारातलं फोरक्लोजरचं कलम आणि गृहकर्जाच्या ताज्या स्टेटमेंटवरचा दर एवढं इथे लिहा, खाते क्रमांक वगैरे झाकून. टॉप-अप घ्यायचा की नाही हे त्या दोन आकड्यांवर नक्की सांगता येईल. कार्डासाठी त्यांची वाट बघू नका, एफडी उद्याच मोडा.